लंकाबाईच्या लुगड्याचा काठ

बोरलवाडीत नऊवारी नेसवता येणारं माणूस आता एकच उरलंय, आणि ते सिद्धार्थनगरात राहतं. गावातल्या थोरामोठ्यांना ही गोष्ट बोलून दाखवायला फारशी आवडत नाही. पण शिवजयंती जवळ आली की त्यांच्याच घरच्या पोरी लुगड्याच्या पिशव्या घेऊन लंकाबाई घायतडकच्या दारात ओळीनं उभ्या राहतात. या पोरींच्या आयांचा जन्म पाचवारीत गेला, त्यांना निऱ्या कुठून धरायच्या हेही ठाऊक नाही. ज्या आज्यांना ठाऊक होतं त्यातल्या बऱ्याच गेल्या, आणि ज्या उरल्या त्यांचे हात थरथरतात. लंकाबाईचे हात सत्त्याहत्तराव्या वर्षीही थरथरत नाहीत.

सिद्धार्थनगर म्हणजे पूर्वीचा महारवाडा. जामखेडच्या रस्त्यानं गावात शिरलं की आधी शाळा लागते, मग चावडी, म्हणजे आताची ग्रामपंचायत, मग पाटलांचा दुमजली बंगला, आणि सगळ्यात शेवटी, ओढ्याच्या अंगाला, निळी कमान. कमानीच्या आत तिसरं घर लंकाबाईचं. मुलगा बजरंग जामखेडला एसटीच्या डेपोत, नात दिशा नगरला नर्सिंगला. नवरा अंगद जाऊन बारा वर्षं झाली. एकटी असली तरी म्हातारीला करमत नाही असं काही नाही, कारण दारात सतत कुणीतरी लुगडं घेऊन येतं.

याला सुरुवात झाली शाळेच्या गॅदरिंगपासून. बाईंनी आठ मुलींचा नाच बसवला, लुगडी भाड्यानं आणली, आणि ऐन वेळी कुणालाच ती नेसवता येईनात. एका पोरीचं लुगडं स्टेजवर चढता चढता सुटलं. लंकाबाई प्रेक्षकांत मागं बसली होती. ती उठली, पडद्यामागं गेली आणि आठही पोरी अर्ध्या तासात उभ्या केल्या. त्या दिवसापासून गावाला तिचा पत्ता सापडला. एरवी साठ वर्षं ती याच गावात होती, पण ते वेगळं.

तिची नेसवायची तऱ्हाही बघण्यासारखी. समोरची पाटलाची असो, माळ्याची असो, की मास्तरणीची, लंकाबाई तिला दटावूनच घेणार. "सरळ उभी ऱ्हा. पोट आत घे. आता सोड. लई सोडू नगं, तुजं पोट लई हाय." पोरी खिदळतात. कासोटा असा बसवते की पोरगी झिम्मा खेळो की फुगडी, ढळत नाही. कुणी त्याबद्दल ब्लाऊजपीस देतं, कुणी पायलीभर ज्वारी आणून टाकतं. लंकाबाई मागत नाही आणि आणलेलं परतही करत नाही.

दिशा दिवाळीला आली होती तेव्हा तिनं एक गोष्ट हेरली. नर्सिंगच्या पोरीची नजर, बारीकसारीक तिच्यातून सुटत नाही.

"आज्जी, तू या सगळ्या पोरींचा काठ कसा छान बाहेर काढतेस. निऱ्यांवर, पायाशी, सगळीकडं दिसतो. मग तुझा काठ कुठाय?"

"आत हाय की."

"आत का?"

"काठ आत खोचला की लुगडं टिकतं. शेतात-रानात काठ आदी झिजतो. तुज्या खापरपन... न्हाई, पनजीनं शिकवलंय मला. ह्या पोरींचं काय, फोटूपुरतं नेसायचं. त्यांचा काठ कशानं झिजतोय?"

दिशाला ते पटलं. लंकाबाईला तर साठ वर्षांपूर्वीच पटलं होतं.

लंकाबाईचं माहेर भिंगारचं, नगरच्या लष्करी छावणीला लागून. बाप छावणीत घोड्यांच्या पागेवर कामाला. तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि परकरातली पोर बोरलवाडीला आली. लुगडं तिला पहिल्यांदा नेसवलं ते सासूनं. सासू धोंडाबाई, अंगानं काटकुळी, बोलायला कमी, आणि कामाला अशी की बघणाऱ्याला दम लागावा. पहाटे उठून तिनं पोरीला उभं केलं, कमरेला गाठ मारली, निऱ्या घातल्या, आणि प्रत्येक निरीचा काठ आतल्या अंगाला दुमडून, निऱ्यांच्या पोटात दडवून, वर खोचून दिला. बाहेरून पाहिलं तर लुगड्याला काठ आहे की नाही हेच कळू नये.

लंकेला जरा नवल वाटलं होतं. तिच्या आईचा काठ बाहेर असायचा, चालताना घोट्याशी लाल दिसायचा. तिनं तसं विचारलं.

"भिंगारला डांबरी रस्तं हायेत," धोंडाबाई म्हणाली. "हितं चिखूल, ढेकळं. काठ आत ठेवला की लुगडं टिकतं. उगा वरसाला नवं कोन घील?"

एवढं मोठं वाक्य सासू पुन्हा क्वचितच बोलली. पण शिकवण पक्की झाली. बहात्तरच्या दुष्काळात दोघी सासू-सुना खडी फोडायला एका ओळीत बसत, तेव्हाही दोघींचे काठ आत. ऊसतोडीला बेलापूरच्या बाजूला गेल्या, तेव्हाही आत. लंकाबाईची बोटं हे इतकं शिकली की डोळे मिटूनसुद्धा काठ आपला आपण आत वळायचा.

धोंडाबाईच्या ट्रंकेत एक लुगडं होतं. हिरवं, रुंद लाल काठाचं. घरात दोन वेळची पंचाईत असताना असलं लुगडं ट्रंकेत का पडून आहे, ते लंकाबाईला कधी उमगलं नाही. सासू ते नेसत नव्हती, सुनेला देत नव्हती, विकतही नव्हती. वर्षातून एकदा उन्हात घालायची आणि परत घडी करून ठेवायची. एकदा लंकाबाईनं धीर करून विचारलंच, तर म्हणाली, "माज्या मातीला ऱ्हाऊ दे. मेल्यावर नेसव मला. नीट नेसव पर."

दुष्काळानंतर सातेक वर्षांनी धोंडाबाई गेली. आळीतल्या बाया म्हणाल्या, विधवा बाईला हिरवं कसं नेसवायचं, पांढरं आणा. लंकाबाई एरवी कुणाशी भांडणारी नव्हती, पण त्या दिवशी ती सगळ्यांशी भांडली. आत्याबाईंनी सांगितलंय म्हणजे सांगितलंय. तिनं सासूला न्हाऊ घातलं, ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं, आणि आळीतल्या दोन बायांच्या आधारानं नेसवलं. नीट नेसवलं. एकेक निरी मोजून, काठ आतल्या अंगाला दुमडून, पोटात दडवून, सासूनं शिकवलं होतं अगदी तसं. रडत रडत नेसवलं, पण हात चुकू दिला नाही. पुढं किती वर्षं तिला या गोष्टीचं समाधान होतं. सासूचा शेवटचा शब्द आपण राखला, असं ती चारचौघींत सांगायची.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट.

पाटलांच्या भागवतरावांची सून सुकन्या सात महिन्यांची गरोदर. पोरगी सोनईची, शिकलेली, तोंडानं गोड. तिचं डोहाळजेवण ठरलं. झोपाळा आणला, फुलं नगरहून मागवली, फोटोवाला बोलावला. आणि भागवतरावांच्या आईनं, सत्यशीलाबाईंनी, हुकूम सोडला की नातसुनेनं त्यांच्या स्वतःच्या लग्नातलं इरकली लुगडं नेसायचं. सत्यशीलाबाई म्हणजे घरातली सगळ्यात जुनी खुर्ची, ऐंशीच्या वर वय, पण जीभ अजून तेज. गेल्या वर्षी नगरला दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आणि तेव्हापासून त्यांना घरातलं सगळं जास्तच दिसायला लागलंय अशी सुनांची तक्रार आहे.

लंकाबाईला बोलावणं आलं. ती पुढच्या दारानं आत गेली. पाटलांच्या घरी पुढच्या दारानं जायला लागून तिला चार-पाच वर्षं झाली होती, ती या नेसवण्यामुळंच, आणि खोटं कशाला बोला, तिला त्याचा अभिमान होता. चहा आला. सगळ्या बायांना कपबशीतून, तिला कागदी कपातून. "मावशी, तुम्हाला हलका पडतो ना," असं कुणीतरी म्हणालं. लंकाबाईनं घेतला. कागदी कप नेमका कुणाला हलका पडतो हे तिला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण पुढच्या दारापुढं कागदी कपाचं काय मोठं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आतल्या खोलीत सुकन्या उभी होती. लंकाबाईनं इरकली लुगडं हातात घेतलं आणि तिचे हात जरा थांबले. हल्लीच्या पोरींची लुगडी म्हणजे चकाकणारं, निसटतं कापड, त्याच्याशी झटापटच करावी लागते. हे कापड वेगळं होतं. जाड, मऊ झालेलं, वजनदार. तिच्या स्वतःच्या अंगावरच्या लुगड्यासारखं. धोंडाबाईच्या लुगड्यासारखं.

"बाळ लाथा मारतंय का?" तिनं गाठ मारता मारता विचारलं.

"मारतंय ना मावशी. जेवायला बसले की जास्तच."

"मग खानारं हाय. माजा बजरंग असाच. ऊसाच्या फडात झाला. कोयता ठेवला अन् आडवी झाले. बजरंगाच्या आदी दोन गेली माजी..."

ती बोलत राहिली आणि हात आपलं काम करत राहिले. ओळखीचं कापड, ओळखीचं वजन. पोटावर दाब येणार नाही अशी गाठ सैल धरली, निऱ्या बसवल्या, कासोटा मागं नेला. सुकन्या म्हणाली, "मावशी, किती हलकं वाटतंय! अंगावर काही आहे असंच वाटत नाही." लंकाबाई खूश झाली. चार बोटं रुंद लाल काठ होता त्या लुगड्याला, आणि तो कुठं गेला हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

दिवाणखान्यात सुकन्या आली तशा बाया उठल्या, मोबाईल वर झाले. सुकन्या झोपाळ्यावर बसायला निघाली.

"थांब," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

त्या खुर्चीतून पुढं वाकून नातसुनेच्या पायांकडं बघत होत्या.

"लंके, हिकडं ये. ह्या लुगड्याचा काठ कुटं गेला?"

लंकाबाईनं पाहिलं आणि कपाळावर हात मारून हसली. "आगं बया! माज्यावानी नेसवलं की! बोलन्याच्या नादात हात चुकला बगा, पाटलीनबाय. आमच्या आत्याबाईंनी तसं शिकिवलंय न्हवं. काठ आत ठिवला की लुगडं टिकतं."

"टिकतं?" सत्यशीलाबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं की लंकाबाईचं हसू तिथंच थांबलं. "टिकायसाटी कोन काठ आत घालतंय? म्हारनींनी काठ दावायचा न्हाई, असा कायदा हुता गावचा. काठ दिसला की कुनबीन, न्हाई दिसला की म्हारीन. लांबून वळखायला यावं म्हनून. तुला ठावं न्हाई व्हय?"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. भागवतराव दारात उभे होते, ते घाईनं आत आले.

"आई, गप! असं बोलत न्हाईत आता. केस हुईल."

भागवतरावांना आईच्या शब्दाची लाज वाटली नव्हती, त्यांना केसची भीती वाटली होती. या दोन्हींत काय फरक असतो तो लंकाबाईला आयुष्यभर कळत आला होता.

"खोटं बोलतेय का मी?" सत्यशीलाबाई मागं हटणाऱ्या नव्हत्या. "हिच्या सासूलाच इचारलं आसतं, ती आस्ती तर. तुमच्या लोकांनी धरम बदलला त्याच्या दुसऱ्या साली. तू यायच्या आदी तीनेक वरसं, लंके. जामखेडला तुमच्या बायांची सभा झाली, काठ भाईर काढून नेसा म्हनून सांगितलं. धोंडी ऐकून आली. अन् जत्रंच्या दिशी नेसली तसं. हिरवं लुगडं, लाल काठ. गावातनं चालत आली. म्या नवी नवरी, चौदा वरसांची, माडीवरनं बगत हुते. मामंजींनी तिला चावडीम्होरं आडवली. समद्या गड्यांच्या समूर निऱ्या फेडायला लावल्या, काठ आत घालून परत खोचायला लावल्या. तवा जाऊ दिली."

एवढं बोलून त्या थांबल्या. मग जरा खालच्या आवाजात, जणू कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या, "रडली न्हाई ती. खाली बगून खोचत हुती. लई येळ लागला तिला."

आणि लगेच, नेहमीच्या आवाजात, "फेड ते. पोरीला नीट नेसव."

लंकाबाई जागची हलली नाही. चावडीचं ऐकून तिला जे वाटायला हवं ते वाटलं, म्हातारीच्या तोंडावर दोन शब्द फेकावेत असंही वाटलं. पण तो राग टिकला नाही. तिच्या डोळ्यांपुढं हिरवं लुगडं आलं. वर्षातून एकदा उन्हात पडणारं, कुणाला न दिलेलं, न विकलेलं. माज्या मातीला ऱ्हाऊ दे. नीट नेसव पर.

आत्याबाईंनी ते लुगडं वीस-बावीस वर्षं कशासाठी जपलं, ते तिला आता, पाटलाच्या दिवाणखान्यात उभं असताना कळलं. जिवंतपणी जमलं नाही ते मेल्यावर तरी व्हावं, कोण अडवणार आहे प्रेताला. आणि लंकाबाईनं काय केलं? काठ आत घातला. चावडीपुढं एकदा घडलं ते दुसऱ्यांदा तिनं स्वतःच्या हातानं केलं. मायेनं केलं, बायांशी भांडून केलं, आणि वर चाळीस वर्षं त्याचं समाधान मिरवलं. एका शब्दानं सांगितलं असतं तर! पण धोंडाबाईला तेरा वर्षांच्या पोरीला सवय तेवढी लावायची होती, तिच्या डोक्यावर अपमान ठेवायचा नव्हता. म्हणून तिनं लुगडं टिकायची गोष्ट रचली. आणि ती इतकी चांगली रचली की शेवटी तीच गोष्ट तिच्या आड आली.

"चला बाय," लंकाबाई सुकन्याला म्हणाली, आणि तिला घेऊन आत गेली.

तिनं लुगडं फेडलं आणि पुन्हा नेसवलं. पोरीचा काय दोष? सात महिन्यांची बाई, तिला किती वेळ ताटकळत ठेवायचं. निऱ्यांवर लाल काठ एकावर एक असा बसवला की फोटोवाल्यानं नुसते पायच काढावेत. सुकन्या खाली बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मावशी, खरंच मला माहीत नव्हतं."

"मलाबी न्हवतं, बाय," लंकाबाई म्हणाली. "जा तू भाईर. बाया खोळंबल्यात. मी जरा माजं नीट करून येते."

सुकन्या गेली. लंकाबाईनं आतून कडी लावली आणि कपाटाच्या आरशापुढं उभी राहून स्वतःच्या निऱ्या सोडल्या.

गावातल्या शे-दीडशे पोरींचा काठ तिनं बाहेर काढला होता. आता स्वतःचा काढायचा, यात काय एवढं. पण हात ऐकेनात. पहिल्यांदा निऱ्या घातल्या, खोचल्या, आरशात पाहिलं, काठ आतच. पुन्हा सोडल्या. पुन्हा घातल्या. दोन निऱ्यांचे काठ बाहेर राहिले आणि तिसरीपासून बोटं परत आपल्या वळणावर गेली. लंकाबाईला स्वतःच्याच हातांचा राग आला. साठ वर्षं भाकऱ्या थापल्या या हातांनी, खडी फोडली, उसाच्या मोळ्या बांधल्या, कधी नाही म्हणाले नाहीत, आणि आज पाटलाच्या आतल्या खोलीत पाटलाचंच ऐकत होते!

ती क्षणभर भिंतीला टेकली. मग सरळ झाली. दुसऱ्याला नेसवताना हात चुकत नाहीत, तर दुसऱ्यालाच नेसवू, असं तिनं ठरवलं. आरशातल्या काटकुळ्या म्हातारीकडं पाहून ती नेहमीच्या दटावणीच्या आवाजात म्हणाली, "सरळ उभ्या ऱ्हावा, आत्याबाई. पोट आत घ्या. हां, आता सोडा."

या वेळी बोटं वळली. एकेक निरी घेतली, काठ बाहेरच्या अंगाला धरला, एकावर एक बसवला. "हालू नगा. लई येळ लावनार न्हाई मी." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. निऱ्या खोचल्या, कासोटा मागं नेला, काठ घोट्यावरून सारखा केला, आणि मग तिनं आरशात पाहिलं.

लुगडं बजरंगच्या लग्नातलं, बावीस-तेवीस वर्षांचं. अंग कधीचं विटलेलं. जांभळं होतं ते धुऊन धुऊन राखेच्या रंगावर आलेलं. पण काठ! काठाला इतकी वर्षं रानातलं ऊन लागलं नव्हतं, माती लागली नव्हती, कुणाची नजर लागली नव्हती. हिरवागार काठ, त्यावर पिवळी नक्षी, दुकानातून नुकता आणल्यासारखा. धोंडाबाई एका अर्थी खोटं बोलली नव्हती. काठ टिकला होता. तो कधी दिसलाच नाही तर त्याच्या टिकण्याचं करायचं काय, एवढंच तिनं सांगितलं नव्हतं.

कडी काढून लंकाबाई बाहेर आली. सुकन्या झोपाळ्यावर बसली होती, ओटी भरणं चाललं होतं. बायांनी वर पाहिलं. त्या विटक्या लुगड्यावर तो काठ इतका ठसठशीत दिसत होता की न बघता येईना. सत्यशीलाबाईंनीही पाहिलं. आधी पायांकडं, मग तोंडाकडं. मग त्या ओटीच्या ताटाकडं बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "जेवून जा, लंके."

"नगं. काम हाय," लंकाबाई म्हणाली, आणि पुढच्या दारानं बाहेर पडली.

पाटलाच्या बंगल्यातून सिद्धार्थनगरात जायला मागची बोळ जवळची. लंकाबाई कायम त्याच बोळीनं यायची-जायची. सासूनं लावलेली ही दुसरी सवय, तिचंही कारण तिनं कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी ती बोळीत वळली नाही. उलट्या दिशेनं, हमरस्त्यानं, चावडीकडं चालायला लागली. घोट्याला काठ लागत होता. ते तिला सवयीचं नव्हतं, दर पावलाला कळत होतं.

चावडीची आता दोन खोल्यांची स्लॅबची इमारत झालीय. वर ग्रामपंचायतीची पाटी, समोर फरशीचा ओटा, ओट्यावर पाच-सहा माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. लंकाबाई ओट्यासमोर, बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली.

कुणी पाहिलं नाही. एकानं मान वर केली, म्हातारी आहे असं बघितलं, आणि परत खाली घातली. काठ बाहेर आहे की आत, याच्याशी आता कुणालाही देणंघेणं नव्हतं. ज्यांनी कायदा केला त्यांच्या नातवंडांना तो कायदा होता हेसुद्धा ठाऊक नव्हतं. लंकाबाईला हसावं की रडावं कळेना. ज्या जागेच्या धाकानं दोन बायांनी मिळून पाऊणशे वर्षं काठ लपवला, ती जागा धाक घालून कधीच विसरून गेली होती, आणि या दोघींना कुणी सांगितलं नव्हतं.

तरी ती उभी राहिली. पाटलीणबाई म्हणाल्या होत्या, लई येळ लागला तिला. लई वेळ म्हणजे किती, ते लंकाबाईला माहीत नव्हतं. म्हणून तिनं मनातल्या मनात आत्याबाईच्या निऱ्या मोजल्या. एकेक निरी सोडली, एकेक पुन्हा घातली, काठ बाहेर ठेवून. खाली न बघता. ऊन डोक्यावर होतं. समोरून एक टेम्पो गेला, त्याची धूळ पायांवर आली, काठावरही बसली, आणि तिनं ती झटकली नाही.

ग्रामपंचायतीचा शिपाई कानिफनाथ दाराला कुलूप लावून बाहेर आला. त्याच्या दोन्ही पोरींना लंकाबाईनंच नऊवारी नेसवलेली.

"मावशे, उन्हात का उभी? ग्रामसेवक न्हाईत आज. काय काम हुतं का?"

शेवटची निरी राहिली होती. लंकाबाईनं ती मनातच नीट खोचली आणि मग त्याच्याकडं पाहिलं.

"हुतं," ती म्हणाली. "झालं."